सत्यशीलाबाईंची हरलेल्या डावांची वही

सिरसाळ्यात बाजारतळाच्या मागं सत्यशीलाबाईंची पिठाची गिरणी आहे. मालक शेताकडं, गिरणी बाईंकडं. वय पंचावन्न, चष्म्याच्या काड्यांवर कायम पीठ, आणि आवाज असा की गिरणी चालू असली तरी बाहेरच्या माणसाला ऐकू जावा.

बुद्धिबळ त्यांना लहानपणी वडिलांनी शिकवलं. लग्नानंतर तीस वर्षं पटाला हात लागला नाही. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या प्रविणनं, त्यांच्या मुलानं, मोबाइलवर ॲप टाकून दिलं. तीन-तीन मिनिटांचे डाव; ज्याची वेळ संपली तो हरला. गिरणीत ज्वारी ओतली की दळण होईस्तोवर दोन डाव सहज. समोरचा कधी ब्राझीलचा, कधी फिलिपिन्सचा. बाईंना दिसायचा फक्त झेंडा. त्या झेंड्यालाच दम द्यायच्या, "ये की रे पुढं! घाबरतो का?"

झेंडा घाबरायचा नाही. बाईच हरायच्या. ॲप खेळाडूची ताकद आकड्यात सांगतं, त्याला रेटिंग म्हणतात. बाईंचं रेटिंग सहा महिने साडेसातशेला बांधून ठेवल्यासारखं होतं.

त्यात तानाजी सर. गणिताचे निवृत्त मास्तर, रेटिंग आठशे साठ. दळण टाकायला आले की पोत्यावर बसायचे आणि बाईंशीच डाव लावायचे. दोघं समोरासमोर, पण खेळ आपापल्या मोबाइलवर.

"समोर बसून पट का मांडत नाही?" दळणाच्या रांगेतून मी एकदा विचारलं.

"पटावर सर चाल परत घेतेत," बाई म्हणाल्या. "इथं घेता येत न्हाई."

तरी सरच जिंकायचे. वर म्हणायचे, "वहिनी, तुमी खेळता चांगलं. फक्त जिंकत न्हाईत."

ते वाक्य बाईंना लागलं. त्यांनी प्रविणला फोन केला. तो म्हणाला, "आई, नवे डाव कमी खेळ. हरलेले परत बघ. प्रत्येक चाल त्यात राहिलेली असते."

"हरलेलं परत बघू? एकदा हरले तेवढं बास न्हाई का?"

पण दुसऱ्या दिवशी लाइट गेली, गिरणी बंद पडली, हाताला काम राहिलं नाही. बाईंनी कालचा एक डाव उघडला. मोठ्या चुकीपुढं ॲप लाल खूण करतं. त्या एका डावात सहा लाल खुणा. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. सहाच. मग मात्र त्या चिडल्या आणि एक कोरी वही काढून चुका लिहायलाच बसल्या.

ती वही मी वाचली आहे. "घोडचूक. केली उंटानं." "फुकटचं प्यादं खाल्लं, वजीर गेला." "त्यानं मारलं म्हणून मी मारलं. विचार न्हाई केला. भांडण असल्यासारखी खेळते."

चाळीस डाव लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की चौदा डाव एकाच तऱ्हेनं गेले होते. राजा कोपऱ्यात, पुढं स्वतःचीच तीन प्यादी, आणि मागच्या ओळीत समोरच्याचा हत्ती येऊन मात. राजाला हलायला जागाच नाही.

"आपल्याच माणसांनी कोंडलं की गं याला!" त्या एकट्याच ओरडल्या. त्या दिवसापासून सवड मिळाली की कडेचं एक प्यादं एक घर पुढं सरकवायच्या. "राजाला खिडकी केली," म्हणायच्या.

दुसरा शोध घड्याळाचा. पहिल्या दहा चालींतच त्यांची दीड मिनिटं जायची. म्हणून सुरुवातीच्या चाली त्यांनी ठरवूनच टाकल्या. दिवसाला पाच डाव खेळायचे आणि पाचही परत बघायचे. मध्ये रेटिंग सातशेच्या खाली घसरलं, तेव्हा दोन दिवस गिऱ्हाइकांना जपून बोलावं लागलं. पण चार महिन्यांत ते हजारावर गेलं.

सरांना हे ठाऊक नव्हतं; ते चार महिने लेकीकडं होते. परतल्यावर ते गव्हाचा डबा घेऊन आले, पोत्यावर बसले आणि रेटिंग न बघताच डाव लावला. सरांनी जोरात हल्ला केला. शेवटी ठरल्याप्रमाणे हत्ती मागच्या ओळीत घातला आणि मान वर केली, "शह! संपलं, वहिनी."

बाईंचा राजा खिडकीतून एक घर वर सरकला. सर बघतच राहिले. बघता बघता त्यांचं घड्याळ संपलं.

"नेटवर्क गेलं," सर म्हणाले.

"नेटवर्क हाय. वेळ गेला. बसा, डाव बघू."

"हरलेला डाव काय बघायचा?"

"मी जिंकलेला हाय. बसा."

गव्हाचं पीठ खाली पडत होतं आणि दोघं एका मोबाइलात डोकं घालून बसले होते. सव्विसाव्या चालीला लाल खूण आली. चूक सरांची होती. तिथं हत्तीऐवजी घोडा खेळला असता, तर दोन चालींत बाईंवर मात होती. बाईंनीच ती बोटानं दाखवली.

सर ताडकन उठले. "म्हणजे डाव माझाच होता!"

"होता. तुमी खेळला न्हाईत."

पण सरांनी अर्धंच ऐकलं. चहाच्या हॉटेलात, देवळाच्या पारावर, भेटेल त्याला ते सांगत सुटले की सत्यशीलावहिनींना आपण हरवणारच होतो, मशीननं तसं कबूल केलं आहे. लोक विचारायचे, "मग जिंकलं कोण?" सर म्हणायचे, "तो भाग वेगळा."

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गिरणीत आले. हातात डबा नव्हता.

"दळण?" बाईंनी विचारलं.

"दळण न्हाई. मागच्या महिन्यात त्या अर्जेंटिनावाल्यानं मला लई वाईट हरवलं. तेवढं जरा बघून द्या."

बाईंनी पोत्यावरचं पीठ झटकलं आणि सरांना बसायला जागा केली.