शेवाळाकडे पाठ

कॉलेजच्या निसर्ग मंडळाबरोबर जायला पप्पांनी एकाच अटीवर परवानगी दिली होती: दिवेलागणीच्या आत घरी. उशीर झाला तर पुन्हा विचारायचंसुद्धा नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. जंगलात फिरणं हाही अभ्यास असतो, हे त्यांना कसं पटवायचं ते मला कळत नव्हतं.

ऑगस्ट होता. येऊरला सरांनी आमचे गट केले आणि मोबाईल बंद करून पिशवीत टाकायला लावले. खुणा बघून पूर्वेकडे चालायचं, की ठाण्याच्या बाजूला गेटवर उतरता येतं. दिशा चुकली तर नुसतं जंगलच वाढत जातं. आमच्या गटाचा म्होरक्या थर्ड इयरचा एक दादा होता. आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. त्याने एका ऐनाच्या खोडावरचं हिरवंगार शेवाळ दाखवलं.

"शेवाळ उत्तरेला उगवतं, पुस्तकात आहे. म्हणजे ही बाजू उत्तर, आणि पूर्व ही अशी, उजवीकडे. चला."

मला ते पटेना. ठाकुर्लीला चाळीतली शेवटची खोली आमची. दर पावसाळ्यात हिरवी होते ती पश्चिमेची भिंत, कारण झड तिकडूनच येते. मेणकापड बांधतो तेही तिलाच. उत्तरेच्या भिंतीला कधी ब्रश लावावा लागलेला नाही.

"दादा, मला वाटतं... शेवाळाची बाजू पश्चिम असेल. पाऊस तिकडून येतो ना."

"ए ठाकुर्ली, पुस्तक लिहिणारा येडा आहे का?"

"नाही, पण तो आपल्याकडे राहत नसेल."

"मग तूच लिही ना पुस्तक!"

सगळे हसले आणि उजवीकडे निघाले. मी तिथेच एका दगडावर बसले. कुणालाही मागे सोडायचं नाही, हा सरांचा नियम होता. मी चुकले असते तर माझ्यामुळे सगळ्यांना उशीर झाला असता. पण त्यांच्यामागे गेले असते, तर मला पुन्हा कधीच येता आलं नसतं.

"उठ ना यार, काय नाटक आहे!" दादा सगळ्यांना घेऊन परत आला.

"शेवाळाकडे पाठ करून चालणार असाल तर उठते."

तो चिडून उभा राहिला. गटातल्या एका मुलीने आसपासची झाडं बघितली. "अरे, सगळ्यांचं शेवाळ एकाच बाजूला आहे," ती म्हणाली. डास चावत होते. मग ढग थोडे विरळ झाले आणि चार वाजून गेल्यावरचा फिकट सूर्य दिसला, बरोबर शेवाळाच्या बाजूला. दादा शेवाळाकडे पाठ करून वळला आणि आम्ही त्याच्यामागून.

गेटवर त्याने सरांना सांगितलं, "शेवाळाचा नियम बरोबर आहे सर, ते झाड अपवाद निघालं."

"अपवाद नाही, सर," मी मध्येच बोलले. "सगळीच झाडं तशी होती. आपल्याकडे नियम हाच आहे."

"तपासावं लागेल," सर म्हणाले.

"तपासा, सर."

घरी पोचले तेव्हा उजेड होता. गणपती जवळ आलेले, म्हणून पप्पा तीच पश्चिमेची भिंत घासत होते.

"आलीस वेळेत."

"पुढच्या महिन्यात परत जायचंय."

"विचारतेस की सांगतेस?"

"सांगतेय."

त्यांनी ब्रश बादलीत बुडवला आणि पुन्हा भिंतीवर फिरवला.

"दिवेलागणीच्या आत," ते म्हणाले.