ट्रॉलीचे भरीव रिव्हेट

आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा वारज्यातलं वर्कशॉप बंद करावं असंच घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. माझंही थोडंफार तेच होतं. मी तिथे इतकी वर्षं ऑफिसात बसलेली. फोन घ्यायचे, बिलं करायची, कामगारांची भांडणं मिटवायची. लोखंड हा ह्यांचा प्रांत. पण आमचे जुने वेल्डर म्हणाले, "वहिनी, हातातली कामं तरी पुरी करू." ती पुरी होईपर्यंत नवी आली, आणि काही ठरवलं नसतानाच मी वर्कशॉप चालवू लागले.

हे घरी असत. उजवा हात उचलत नव्हता आणि बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता, 'बरं'. पाणी हवं असलं तरी 'बरं', टीव्ही बंद करायचा असला तरी 'बरं', आणि राग आला तरी 'बरं'च, फक्त मोठ्याने. समजत मात्र सगळं होतं. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या एक बाई यायच्या आणि चित्रं दाखवायच्या. केळं, घड्याळ, छत्री. आयुष्यभर ट्रॉल्या आणि क्रेनचे सांगाडे बांधलेला माणूस केळ्याच्या चित्राकडे एकदा बघायचा आणि मान फिरवून खिडकीबाहेर पाहत बसायचा.

अशात एके दिवशी दादा आले. दादा म्हणजे खडकवासल्याच्या अलीकडच्या गावातले शेतकरी, ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं गाव शहरात आलं, शेताशेजारी इमारती उठल्या, तेव्हापासून ते ट्रॅक्टर-ट्रॉलीने बांधकामांवर खडी-मुरूम पोचवतात. ट्रॉलीच्या सांगाड्याला धक्के झेलणारे कमानपाटे ज्या ब्रॅकेटवर टांगलेले असतात, तेच ब्रॅकेट निखळलं होतं.

"दोनदा येल्डिंग मारून झालं, दोन्ही येळेला चिरलं," दादा म्हणाले. "मग एकानं बोल्ट टाकून दिले. ते खड्ड्याखड्ड्याला ढिले पडतात. आता हितंच करायचं हाय."

मी खरं ते सांगितलं. "दादा, हे असते तर गोष्ट वेगळी. मला जमेल अशी खात्री नाही."

"मालक घरी हायेत ना? मग त्यास्नी इचारा की."

"अहो, त्यांना बोलता येत नाही."

"ऐकू येतंय ना?"

झटक्यानंतर ह्यांना औषध घेतलंत का, जेवलात का, यापलीकडे कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. चीर कुठे गेली आहे ते कागदावर काढून दाखवलं. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग डाव्या हाताची मूठ वळून टेबलावर ठोकल्यासारखी केली.

"रिव्हेट?"

"बरं!"

त्या 'बरं'चा सूर निराळाच होता. मलाही पटलं. ऑफिसात बसून ह्यांचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं कानावर पडलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा नाजूक होतो आणि धक्के बसले की तिथेच चिरतो. बोल्टचा नट हादऱ्याने फिरतो. रिव्हेट म्हणजे डोकं असलेला जाड खिळा, आरपार घालून दुसरं टोक ठोकून पसरवायचं, त्याला फिरायला काही नसतंच. तापवून मारला तर तो भोक भरून बसतो आणि निवताना आखडून दोन्ही पत्रे एकमेकांना आवळून धरतो.

दुसऱ्या दिवशी कसबा पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"जड कामासाठी रिव्हेट हवेत," मी म्हणाले.

"जड म्हणजे काय, हत्ती बांधायचाय?" दुकानदारांनी वर न पाहता विचारलं.

"खडीची ट्रॉली आहे. भरीव हवेत, स्टीलचे, पोकळ नकोत."

"भरीव म्हणालात, निम्मं काम झालं. बाकीचे नुसतं रिव्हेट म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात." त्यांनी निरनिराळ्या पुड्या काढून दिल्या. "घरी नेऊन बघा. नकोत ते परत घेईन. ठोकलेले आणू नका म्हणजे झालं."

मी पुड्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ह्यांच्यापुढे मांडल्या आणि कणीक मळायला घेतली. ह्यांनी हातानेच घासल्याची खूण केली. मी कानस आणून दिली. एका पुडीतल्या रिव्हेटवर कानस नुसती घसरत होती, दुसऱ्यावर लगेच ओरखडा उठत होता. ह्यांनी घसरणारी पुडी बाजूला सारली.

"अहो, पण कडक तोच मजबूत ना?"

ह्यांनी माझ्यापुढची परात ओढली आणि कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबला. कणीक चहूबाजूंनी पसरली. मग त्यांनी रिव्हेटचं टोक दाखवलं. मी समजले. ठोकल्यावर त्याचं टोक असंच पसरून डोकं तयार व्हायला हवं. फार कडक असेल तर ते चिरेल.

मग लांबी. वर्कशॉपमधून मी पत्र्याचे तेवढ्याच जाडीचे तुकडे आणले होते. ते एकावर एक धरून एकेक रिव्हेट घालून पाहिला. आखूड जेमतेम बाहेर डोकावत होता, त्याचं डोकं झालंच नसतं. लांबडा ठोकताना वाकला असता. ह्यांनी मधला निवडला. त्याच्या स्वतःच्या जाडीच्या दीडपट टोक बाहेर राहत होतं. निखळलेलं ब्रॅकेटही मी सोबत आणलं होतं. त्यावर जुन्या भोकांखेरीज जादा भोकांच्या जागा खडूने आखल्या, त्या काठापासून बऱ्याच आत घेतल्या. लग्नाआधी मी शिवणाच्या क्लासला जायची. काठाला चिकटून टीप घातली की कापड उसवतं, हे तिथे हातांनाच कळतं. ह्यांनी माझ्या खुणा बघितल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर सावरून उगाच कणकेकडे वळले. अनेक महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम होतं.

रिव्हेट मारायच्या दिवशी दादा सकाळीच जीप घेऊन घराखाली हजर. "मालकास्नी घिऊन चला."

मी का-कू केलं. धूळ, आवाज, त्यांना दगदग होईल. दादा म्हणाले, "वहिनी, घरात बसून कुनाला बरं वाटलंय?" आणि वर येऊन त्यांनी ह्यांना धरून जिना उतरवला.

ट्रॉलीजवळ खुर्ची ठेवली. वेल्डरांनी भट्टी पेटवली. केशरी झालेला रिव्हेट चिमट्याने उचलायचा, भोकात घालायचा, खालून एकाने जड ठोकळा दाबून धरायचा आणि वरून ठोकून डोकं बसवायचं. एकेक करत सगळे बसले. दिसायला सुरेख दिसत होते. वेल्डर घाम पुसत म्हणाले, "झालं वहिनी. फर्स्ट क्लास."

रिव्हेट निवल्यावर ह्यांनी डावा हात पुढे केला. मी हातोडी दिली आणि खुर्ची जवळ सरकवली. हे एकेका रिव्हेटच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारल्यासारखी हातोडी मारू लागले. दुसऱ्या बाजूने रिव्हेटला बोट लावायला मला खुणावलं. टण्. टण्. टण्. मग एका ठिकाणी आवाज बसका आला आणि माझ्या बोटाखाली काहीतरी किंचित थरथरलं.

"सैल," हे म्हणाले.

वेल्डरांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"काय म्हनले मालक?" दादांनी विचारलं.

"सैल म्हणाले," मी म्हणाले.

ह्यांनाच त्याचं फार काही वाटलं नाही. ते पुन्हा त्याच रिव्हेटवर हातोडी आपटत होते, जरा चिडूनच. "सैल. सैल."

वेल्डरांनी रिव्हेटचं डोकं कापून तो काढला. ते भोक जुन्या बोल्टने झिजून लांबट झालेलं निघालं, रिव्हेट त्यात भरलाच नव्हता. भोक मोठं करून गोल करायला हवं होतं आणि त्या मापाचा जाड रिव्हेट आणायला हवा होता. म्हणजे ट्रॉली त्या दिवशी मिळणार नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दादांना एका बांधकामावर खडी टाकायची होती. मी त्यांची माफी मागू लागले.

"राहू द्या," दादा म्हणाले. "येवढ्या दिसांनी मालकांच्या तोंडून शब्द निघालाय. तो मोडायचा व्हय?"

दुसऱ्या दिवशी भोक गोल करून घेतलं, जाड रिव्हेट आणला, ह्यांच्यासमोरच मारला. तो टणटणीत वाजला.

दादांची ट्रॉली तेव्हापासून धावते आहे. मधे ते ग्रीस भरायला आले, तेव्हा मी वाकून पाहिलं. ब्रॅकेट जागचं हललेलं नाही. हे आता रोज अर्धा दिवस वर्कशॉपमध्ये असतात. सराव घेणाऱ्या बाईंना मी विनंती केली, त्या आता तिथेच येतात आणि केळ्याऐवजी पाना, कानस, हातोडी दाखवतात. 'घट्ट' आलं, 'आण' आलं, 'नको' तर फारच लवकर आलं. वाक्यं अजून येत नाहीत. येतील न येतील, डॉक्टर काही सांगत नाहीत. उजवा हात आहे तसाच आहे. पण सकाळी चपला घालून दाराशी माझ्याआधी हेच उभे असतात.

एकदा चहा पिताना मी दादांना म्हटलं, "तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर."

"उपकार कसले, वहिनी? मला माझी ट्रॉली नीट करून घ्यायची हुती."

मी वाद घातला नाही. पण त्यांच्या गावापासून आमच्या वर्कशॉपपर्यंतच्या रस्त्यावर ट्रॉल्या दुरुस्त करणारे ढीगभर आहेत. हे घरी पडून आहेत हे ठाऊक असूनही त्या सगळ्यांना ओलांडून ते आमच्याकडे का आले, ते मी जाणून आहे. मी त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.