मफलरमधला दुसरा केस

पोटापाण्यासाठी मी लोकांचे केस धुतो. न्हावी नाही, गुन्ह्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मुळासकट केस मिळाला तर त्यातून डीएनए निघतो, पण चोर काही आमच्या सोयीने केस टाकत नाहीत. मुळाशिवायचा केस असला की तो माझ्याकडे येतो. मी तो धुतो, बारीक चिरतो, औषधात विरघळवतो, आणि मग यंत्र त्यातली प्रथिनं वाचतं. माणसागणिक त्यांत थोडाथोडा फरक असतो. केस अमक्याचाच आहे, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण अमक्याचा नाही, हे बहुतेक वेळा सांगता येतं.

केसांतला एवढा जाणकार मी, पण माझ्या डोक्यावर तिशीतच चंद्र उगवला. या प्रयोगशाळेत बदली झाली तेव्हा मी काळाभोर, दाट विग चढवूनच हजर झालो. बायको म्हणाली, "केस नसले तरी चालतील हो, डोकं तेवढं घेऊन जा." नेमकं तेच घरी राहिलं.

आमच्याकडे प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा केस जमा करावा लागतो. आमचाच एखादा केस चुकून नमुन्यात पडला, तर तो ओळखून बाजूला काढता यावा म्हणून. सगळ्यांनी दिले. मी विगमधला एक उपटून दिला, आणि वर "आई गं!" असंही ओरडलो.

पुढे एका गोदामात चोरी झाली, रखवालदाराचं डोकं फुटलं आणि चोराचा मफलर तिथेच पडला. पोलिसांनी एका रंगाऱ्याला धरलं. मफलर मीच उलगडला. त्यात दोन केस मिळाले, आणि दोन्ही रंगाऱ्याचे नव्हते.

रंगाऱ्याची बायको रोज आमच्या फाटकाशी उभी असायची. एकदा मी तिला सावलीत बसवून पाणी दिलं. "साहेब, ते नव्हते हो तिथे," ती म्हणाली. मला काही बोलायची मुभा नव्हती.

"म्हणजे सुटला की तो," मी तपास अधिकाऱ्यांना म्हणालो. ते हसले.

"केस दोन, तेही दोन वेगळ्या माणसांचे. मफलर दोघांनी वापरला, तर तिसऱ्यानेही वापरला असेल. तिसरा हा."

मी दुसऱ्या केसाचा उरलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. टोक कात्रीने कापल्यासारखं, आणि त्याच्याजवळ एक घट्ट पीळ. केस जाळीला गाठ मारून बांधला की असा पीळ पडतो. अख्ख्या इमारतीत तशी जाळी एकच होती. हात आपोआप डोक्याकडे गेला.

मग तो माझ्या जमा केलेल्या केसाशी जुळला कसा नाही? कारण विग काही एकाच बाईच्या केसांचा नसतो. जमा केलेला एकीचा, पडलेला दुसरीचा. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणतात ते हेच.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो कोठडीतल्या रंगाऱ्याचा नाही, नोकरीचाही नाही. चहाच्या वेळी सगळे कसे हसतील, याचा आला. त्याची लाज अजून जात नाही. खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि ती तिथे उभी होती. मी उठलो.

प्रमुख बाईंच्या टेबलावर विग काढून ठेवला. "बाई, हा माझा नमुना. म्हणजे, माझा नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिमट्याने विग उचलला, पाकिटात घातला आणि सील ठोकलं. "आता हात लावायचा नाही. हा पुरावा आहे."

"पण मी घरी कसा जाऊ?"

"उन्हातून जपून जा."

तपासणी दुसऱ्याने केली. विगमधल्या एका केसाशी तो केस तंतोतंत जुळला आणि हिशेबातून बाद झाला. मफलरचा मालक एकच उरला, आणि तो रंगारी नव्हता. रंगाऱ्याविरुद्ध दुसरा पुरावा नव्हताच; तो सुटला. मला लेखी ताकीद मिळाली, आणि काही महिने केसांऐवजी बाटल्या धुवायचं काम.

एका दुपारी ती नवऱ्याला घेऊन फाटकाशी आली. मी लगबगीने बाहेर गेलो. ती माझ्या खांद्यावरून आत बघत राहिली.

"इथे दाट केसांचे एक साहेब होते. मला पाणी दिलं होतं त्यांनी. आहेत का?"

ओळख पटवणं हा माझा धंदा, पण स्वतःची काही पटवली नाही. "बदली झाली त्यांची," मी कसंबसं म्हणालो.

"फार भला माणूस. आम्ही येऊन गेलो, तेवढं कळवा त्यांना."

"कळवतो," मी म्हणालो. दोघं वळून गेली. मी तिथेच उघड्या डोक्याने उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या विगचा हेवा वाटला.