मधल्या सीटवरचं मत

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. बायकोले तर मुळीच नाई — ते आमच्या पूर्ण भद्रावतीत पोहोचवन. तुमची-माही ओळख नाई, म्हणून तुमच्याजवळ तोंड उघडून राह्यलो.

मी शिंपी. निवडणूक आली का सगळ्या पक्षांचे झेंडे मीच शिवतो. गिऱ्हाईक जे बोलते तेच माहं मत — कपडा घेऊन जाईपर्यंत! आता अशा माणसानं दोघांच्या भांडणात मधात बसावं काय? पण बसलो. चंद्रपूर-गडचिरोली बस, तिघांची सीट.

एका बाजूले एक बाई, नवरा दारूनं गेलेला. चंद्रपुरातली दारूबंदी उठवली म्हणून अजून तळतळून बोले. खिडकीशी एक काका, तळ्यातले मासे धरणारे. ते म्हणत, "बंदी म्हणजे ढोंग आहे बाई! गडचिरोलीत बंद, अन् मांगाल तिथं भेटते. चोरून विकण्यापरीस उघड विका न!"

दोघंही मलेच विचारत. मी इकडं वळून "बंदीच पाहिजे" म्हणो, तिकडं वळून "तुमचंबी खरं आहे." मग बाईनं मोहाचा लाडू देल्ला. झालं — मी कट्टर बंदीवाला! दारू नेणाऱ्याले चौकात उभं करा म्हणलं.

आता खरं सांगू? सांगतो, थांबा जरा... माह्या थैलीत सदऱ्यात गुंडाळलेली बाटली होती. गडचिरोलीपल्याडच्या कुरखेड्याच्या साळ्याची फर्माईश.

नदीचा पूल ओलांडून गडचिरोलीची हद्द लागली अन् गाडी थांबली. पोलीस चढले, थैल्या पाहू लागले. बाई पोलिसांकडे पाहत होती, काका खिडकीतून डोकं काढून पाहत होते, त्यांची थैली माह्या पायाशी — अन् हातानं बाटली तिच्यात सरकवली. हातानं म्हणतो, जसा तो हात साळ्याचाच होता! मीच सरकवली.

बाटली निघाली. "साहेब, मी जलमात थेंब घेतला नाई," काका म्हणाले. पूर्ण गाडी हासली. हासणारच ना? चंद्रपूरपासून दारूची वकिली कोण करत होतं? बाई तर उठूनच उभी राह्यली, "याचीच आहे!"

"माह्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले साहेब, मले जाऊ द्या." मग काका माह्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही तर बाजूलेच होते. तुम्हीच सांगा न."

काय सांगितलं मी? "मले काय माहीत? मी त्यांले ओळखत नाई."

उतरता उतरता काकांनं खांद्यावरचा दुपट्टा सीटवर टाकला. "जागा धरून ठेवा भाऊ, आत्ता येतो."

कंडक्टरनं बेल मारली. काका खाली हात जोडून साहेबाले समजावत होते, गाडीकडे त्यांची पाठ होती. हाक मारता आली असती. नाई मारली.

मी दुपट्ट्याची घडी केली अन् खिडकीशी सरकून बसलो. हवा चांगली येत होती.