हिलाल पिक्चर सांगायचा

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या आमच्या चाळीत थिएटरात जाणारे फार थोडे होते, पण पिक्चर सगळ्यांना ठाऊक असायचे. ते हिलालमुळे. हिलाल अमळनेरकडचा, कारखान्यात माग चालवायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या खेळाला सुरतेत जायचा, दिवेलागणीपर्यंत परतायचा आणि हातपाय धुऊन ओट्यावर बसायचा. बायका मांडीवर साड्या घेऊन सुटलेले धागे कापत असायच्या. त्यांच्यात त्याची बायको अनुसयाही. तो जरा थांबला की कोणीतरी म्हणायचंच, "मंग काय व्हयनं?"

पिक्चर कशामुळे लक्षात राहतो, यावर हिलालचं मत ठाम होतं. गाणी नवी आली की जुनी विरतात. मारामारी थिएटरच्या दारापर्यंतसुद्धा सोबत येत नाही. जन्मभर राहतो तो डायलॉग. "माणूस मरायला टेकलाय, आणि एकच वाक्य बोलतो. ते वाक्य बरोबर बसलं तर पिक्चर वीस वर्षं चालतो," असं तो म्हणायचा. मरणाचे प्रसंग तो सांगायचाही असे, की हातातली कात्री थांबायची.

अनुसयाला हे पटत नसे. तिने लग्नाआधी गावच्या जत्रेत तंबूत एक पिक्चर पाहिला होता. त्याचं नाव आता तिला आठवत नव्हतं, हिरो कोण तेही नाही. "त्यात एक बाई होती," ती म्हणायची. "नवरा जेवायला बसलाय. तिला काहीतरी सांगायचंय. दोनदा तोंड उघडते, आणि दोन्हीदा भाजीच वाढते. तेवढंच राहिलंय माझ्याजवळ."

"ती बोललीच नाही, मग त्यात काय आहे?" हिलाल विचारायचा.

"तेच तर," अनुसया म्हणायची, आणि पुढचा धागा कापायची.

हिलालबरोबर बहुतेक वेळा ललित असायचा. पंचविशीचा पोरगा, विधवा आईबरोबर शेजारच्या खोलीत राहायचा. माग चालवायला त्याला हिलालनेच शिकवलं होतं. कारखान्यात दोघांचे माग पाठीला पाठ लागून. ललित जात्याच अबोल. त्याची आई प्रमिलाबाई म्हणायची, याला भूक लागली तरी मलाच ओळखावं लागतं. पिक्चर बघून आल्यावर तोही ओट्याच्या कडेला बसून हिलालचं सांगणं ऐकायचा.

त्र्याण्णवच्या दिवाळीत चाळीतल्या बायकांनी हट्ट धरला आणि अनुसया पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर थिएटरात गेली. परत आल्यावर हिलाल नेहमीसारखा सांगायला बसला. ती ऐकत राहिली. पिक्चर तोच होता, माणसं तीच, मरणाचा प्रसंगही तोच. पण मरणारा म्हातारा थिएटरात जे बोलला होता, ते हे नव्हतं. एकही वाक्य जुळत नव्हतं.

तिने तेव्हा तोंड उघडलं नाही. पुढचे काही दिवस मात्र ती नवऱ्याकडे नीट बघू लागली. पाठीमागून हाक मारली की तो वळत नसे. दूध उतू जाताना बाजूलाच बसलेला असे. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत असे. मागांच्या खडखडाटात पंधरा वर्षं काढल्यावर आणखी काय होणार? कारखान्यात हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. तिथे चांगल्या कानाची माणसंही हातवाऱ्यांनीच बोलतात.

एकदा तिने ललितला गाठलं. "तुला माहीत होतं?"

 ललित म्हणाला, "हो वहिनी. भाऊंचे डायलॉग जास्त चांगले असतात."

शेवटी तिने हिलालपाशी विषय काढला. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "मुकादमाला कळलं तर मागावरून काढतील. गप्प राहा." ती गप्प राहिली. ओट्यावरचे पिक्चर चालू राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ललितचा सदरा मागाच्या पट्ट्यात अडकला. पट्ट्याने त्याला आत ओढलं. तो ओरडला. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या निंबाला ते ऐकू आलं. तो धावत आला आणि त्याने बटण बंद केलं. हिलाल पाठीमागे हातभर अंतरावर तुटलेला धागा जोडत होता. पायाखालची थरथर कमी झाली तेव्हा तो वळला.

ललितला सरकारी दवाखान्यात नेलं. छाती आतून चेचली होती. दुपारी प्रमिलाबाईला डॉक्टरांनी कसल्यातरी चौकशीसाठी बाहेर बोलावलं, आणि खाटेपाशी हिलाल एकटा होता. ललितने डोळे उघडले. त्याने बोटांनी हिलालची बाही धरली आणि तो बोलू लागला. नळी लावलेली होती, ओठ सुजलेले होते. हिलालला ओठ वाचता येईनात. त्याने कान त्याच्या तोंडाला टेकवला. गरम श्वास लागला, आणखी काही नाही. ललित बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. हिलाल मान हलवत राहिला. न बोलणारा तो पोरगा एवढं लांब कधीच बोलला नव्हता.

प्रमिलाबाई आत आली तेव्हा संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. सगळेच होतो. ती हिलालच्या समोर बसली, म्हणून तिचे ओठ त्याला दिसले.

"तू शेवटी जवळ होतास. काय बोलला माझा ललित?"

हिलालने क्षणभर डोळे मिटले. मग तो बोलू लागला. मायला सांभाळा, म्हणाला. पुढच्या जन्मी तुझ्याच पोटी येईन, म्हणाला. माझ्यासाठी रडू नकोस, मी चांगल्या ठिकाणी चाललोय. आवाज त्याने हळू ठेवला होता, थांबायच्या जागीच थांबत होता. शेजारच्या पुष्पाबाईने पदर डोळ्यांना लावला.

प्रमिलाबाई रडली नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मना पोऱ्या असं बोलेच नही."

ती आणखी पुढे सरकली.

"खरं सांग, हिलाल."

त्याने अनुसयाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही.

"माले ऐकू उनं नही," तो म्हणाला. "तो बोलत होता, मावशी. खूप बोलला. मला ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली."

 प्रमिलाबाईने विचारलं, "पट्ट्यात सापडला तेव्हाही ओरडला असेल ना?"

"निंबाने ऐकलं," हिलाल म्हणाला.

ती उठून गेली. तेरावं तिने गावी केलं. खोलीतलं सामान न्यायला तिचा भाऊ आला, ती आली नाही. हिलालशी ती पुन्हा एक शब्दही बोलली नाही, आणि त्यानेही तिची माफी मागितली नाही. कशाची मागायची, हे त्याला ठरवता आलं नाही, असं अनुसया म्हणते. निंबा त्याला अनेकदा समजावायचा, की ऐकलं असतंस तरी तुझा हात पोचेपर्यंत व्हायचं ते झालंच असतं. हिलाल त्याचे ओठ बघायचा, मान हलवायचा.

ओट्यावरचं बोलणं मुकादमापर्यंत जायला वेळ लागला नाही. मागावरून काढलं. पुढे तो कामरेजच्या रस्त्यावर एका गोदामात गठ्ठे उचलू लागला.

बऱ्याच दिवसांनी मी त्याला समोर बसून विचारलं, आता पिक्चर का सांगत नाहीस? तो म्हणाला, "लोकांना पिक्चर का आवडतो, ते मला उशिरा कळलं. डायलॉगने नाही. त्यात मरणारा माणूस बोलतो तेव्हा कोणीतरी ऐकतं. सगळं थिएटर ऐकतं. बाहेर तसं होत नाही, म्हणून लोक तिकीट काढतात."

मी म्हटलं, मग बघणंही सोडलंस?

नाही, म्हणाला. कधीमधी जातो. मागे बसतो. मरणारा माणूस बोलायला लागला की डोळे मिटून घेतो, तो गप्प झाला असेल असं वाटलं की उघडतो. अनुसया बरोबर असली तर बोलणं संपल्यावर ती कोपराने हलवते.