मॉनिटर खराब होता

पेंटरने शेवटचा ब्रश कधी धुतला हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि उगाच नव्हतं चिकटलं. पाट्या रंगवायचा त्या काळात कुणी कापडाची चिंधी आणून म्हणावं, "अस्साच रंग हवा," की हा एकदा बघणार, चार डबे उघडणार, काडीने ढवळणार आणि पाटीवर एक पट्टा ओढणार. त्या पट्ट्यावर चिंधी ठेवली तर शोधावी लागायची. अशी नजर. त्या नजरेचा गर्वही तसाच होता, मापाबाहेरचा.

पुढे पाट्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या. बरोबरीचे पेंटर कपाळाला हात लावून बसले, हा मात्र शिकला. कार्डं, जाहिराती, वाढदिवसाचे व्हिडिओ, आणि त्याचं खास काम म्हणजे जुन्या, फाटक्या, डाग पडलेल्या फोटोंना परत माणसात आणणं. स्क्रीनसमोर तो आणि मागच्या खोलीत प्रिंटरवर धाकटा भाऊ. बाहेरच्या पाटीवर दोघांची नावं. ती पाटी पेंटरने हौसेने हातानेच रंगवली होती.

मग चेहरे निळे पडायला लागले.

आधी एक बाई तिच्या सासऱ्यांचा फोटो घेऊन परत आली. म्हणाली, "हो, माणूस गेला हे खरं आहे, पण फोटोत तरी जिवंत दिसू दे की!" मग एका शाळेच्या मास्तरांनी वर्गाचा फोटो परत केला. सगळी पोरं थंडीने काकडल्यासारखी दिसत होती. पेंटर फोटो उलटसुलट करून बघायचा. त्याला काही दिसायचं नाही. चांगले तर आहेत, छान गोरेगोमटे! पण गिऱ्हाईक म्हणतंय म्हणजे कुठेतरी घोडं पेंड खातंय, आणि ते आपल्या बाजूला खात असेल हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मग राहिलं कोण? प्रिंटरवर बसतो तो.

धाकट्याने शाई बदलून बघितली, कागद बदलून बघितला. शेवटी एक दिवस भीत भीत म्हणाला, "दादा, फाइलच निळी येतेय. तू एकदा डोळे दाखवून ये ना."

झालं! पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला? मला डोळे शिकवतोस तू?" दुकानात गिऱ्हाइकं उभी, धाकट्याची बायको पोरांना घेऊन डबा द्यायला आलेली. कशाचा म्हणून विचार नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "हलकी शाई भरतोस आणि चांगल्या शाईचे पैसे खिशात घालतोस. चोर कुठला!"

धाकट्याने हात पुसले, पोराला कडेवर घेतलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी पेंटरने शिडी लावून पाटीवरचं त्याचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं. रंग अगदी बेमालूम जुळवला बरं का. खाली नाव होतं हे कुणाला कळलं नसतं. निदान त्याला तरी तसं वाटलं. बायको खालून म्हणाली, "डाग दिसतोय." तर म्हणे, "तुला काय कळतंय!"

चोर म्हटलेल्या माणसाला प्रिंटरवर कोण बसवणार? धाकटा चार ठिकाणी जाऊन आला. चारही ठिकाणी त्याच्या आधी ती गोष्ट पोचली होती. शेवटी पुठ्ठ्याची खोकी चिकटवायच्या कारखान्यात लागला.

आणि चेहरे? ते निळेच. पेंटर बाहेरच्या प्रेसमधून छापून घ्यायला लागला, तरी निळे. प्रेस बदलली, तरी निळे. प्रेसवाला म्हणाला, "अहो, तुम्ही पाठवता तसंच छापतो." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, त्यातला प्रकार. फरक एवढाच की याला एके काळी खरंच नाचता येत होतं. भाऊ झाला, प्रेस झाली, मग उरला कॉम्प्युटर. जुना होता बिचारा. त्याला तोंड नव्हतं.

"मॉनिटर गेलाय," पेंटरने घरात जाहीर केलं. "सगळंच नवीन घेऊ."

लेक मल्टिमीडिया शिकत होती, तिला व्हिडिओसाठी दणकट मशीन हवंच होतं. तिला आनंद झाला. फक्त दुकानात शिरताना तिने विचारलं, "बाबा, मॉनिटरच खराब निघाला तर काकाला बोलवायचं ना परत?"

"बघू," पेंटर म्हणाला. हे त्याचं 'बघू' घरात सगळ्यांना ओळखीचं होतं.

दुकानात काचेच्या पेट्यांमध्ये कॉम्प्युटर मांडलेले, आत लाल, हिरवे, जांभळे दिवे फिरताहेत. पेंटर म्हणाला, "हे मशीन आहे का सर्कस?" दुकानदार हसला. सावकाश बोलणारा, सफेद केसांचा माणूस होता. म्हणाला, "दिवे गेम खेळणाऱ्यांसाठी, साहेब. तुमचं काम काय, ते आधी सांगा."

काम सांगितलं. मग त्याने एकेक गोष्ट समजावली. प्रोसेसर म्हणजे काम करणारा गडी, व्हिडिओ करायचा तर गडी तगडा हवा. रॅम म्हणजे टेबल, टेबल मोठं असेल तेवढी कामं एकदम पसरून बसता येतं. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या, फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन यायला नको. लेक ग्राफिक्स कार्डावरून घासाघीस करत होती. पेंटरने मध्येच विचारलं, "त्या कार्डाने रंग सुधारतात ना?"

"छे! कार्डाने व्हिडिओचं काम लवकर होतं. रंग दिसतात ते मॉनिटरवर."

"ऐकलंस?" पेंटर लेकीकडे वळून म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की जणू कोर्टातून सुटून आला. "मॉनिटर दाखवा. सगळ्यात चांगला."

दुकानदाराने तीन मॉनिटर शेजारी शेजारी लावले. एका छोट्या यंत्राने तिन्हींचे रंग मोजून एकसारखे करून दिले. पेंटरने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्याच्या आईचा फोटो होता. मूळ फोटो, डाग पडलेला, पिवळट झालेला. आई गेली तेव्हा याच फोटोवरून त्याने मोठा फोटो केला होता, बाहेरच्या खोलीत लावला होता. धाकटा तेव्हा त्या फोटोकडे बघत म्हणाला होता, "दादा, आई अशी नव्हती रे." पेंटर म्हणाला होता, "तुझी शाई तशी."

"इथेच दुरुस्त करून बघतो," पेंटर म्हणाला. माऊस हातात घेतला. आईच्या गालावरचा पिवळेपणा काढायला लागला. थोडा निळा वाढवला. अजून थोडा. अजून. मग मागे सरकला, मान तिरकी केली, पूर्वी पाटीसमोर करायचा तशी. "आत्ता कशी आई दिसली!"

त्याने माऊस खाली ठेवला.

त्याने वळून बघितलं. लेक खालच्या फरशीकडे बघत होती. दुकानदाराने घसा साफ केला. "साहेब, जरा निळं नाही वाटत?"

"कोणत्या मॉनिटरवर?"

"तिन्हींवर, बाबा," लेक म्हणाली. "तिन्हींवर सारखंच दिसतंय."

दुकानदाराने वाद घातला नाही. टेबलाचा खण उघडला, आतून एक जुनी, पिवळी पडलेली पावती काढली, प्रिंटरमधून एक कोरा कागद ओढला आणि दोन्ही पेंटरसमोर ठेवले. "यातला पांढरा कोणता?"

पेंटरला वाटलं, थट्टा करतोय. दोन्ही तर सारखेच होते! त्याने उचलून पाहिले, दिव्याखाली धरले, दारात उजेडाला नेऊन पाहिले. एकावर अक्षरं होती, एकावर नव्हती, बस्स. रंग एकच. लेकीकडे बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा कुठे त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मोतीबिंदू असेल," दुकानदार हलकेच म्हणाला. "माझ्याही आईचं असंच झालं होतं. हळूहळू येतो, कळत नाही. ऑपरेशन केलं की झकास. तुमचं जुनं मशीन मात्र चांगलं असणार, साहेब. नवीन घ्यायचं तर घ्या, पण रंगासाठी नको."

पेंटर स्टुलावर बसला. कुठलाही शहाणा माणूस इथून उठून थेट भावाकडे गेला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जातो होय! त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "हाच मॉनिटर बांधून द्या. सगळ्यात महाग तो."

"बाबा, काकाला फोन करा," लेक रस्त्यात म्हणाली.

"आधी मशीन घरी येऊ दे."

मशीन आलं. गल्लीतले चार जण बघायला आले. "का हो पेंटर, जुन्याला काय झालं?" पेंटर म्हणाला, "मॉनिटर खराब होता." सगळ्यांना पटलं. मशीनं काय, बिघडतातच. पेंटरने मनाची समजूत घातली, मॉनिटर खराब म्हटला की भाऊ आपोआप सुटला की. वेगळं कशाला सांगायचं!

मग त्याने गुपचूप एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाली त्या दिवशी दवाखान्याची भिंत इतकी पांढरी दिसली की त्याने डोळा मिटला. मग दुसऱ्या, अजून न केलेल्या डोळ्याने बघितलं तर तीच भिंत चहा सांडल्यासारखी. घरी आला, चप्पल काढायला वाकला, वर बघितलं, आणि तिथेच थांबला. समोर आईचा फोटो. ओठ निळे, गाल निळे, विहिरीतून काढलेल्या बाईसारखी. एवढे दिवस येणारे जाणारे हे बघत होते. बायको रोज त्या फोटोसमोर जेवायला वाढत होती.

"तू बोलली नाहीस?" त्याने विचारलं.

"जो बोलला, त्याचं काय केलंत तुम्ही?" बायको म्हणाली आणि आत गेली.

त्याने आईचा फोटो पुन्हा केला. नव्या मशीनवर नाही, जुन्यावर. जुन्या मॉनिटरचे रंग तंतोतंत बरोबर होते. छापून, फ्रेम करून, कागदात गुंडाळून तो धाकट्याच्या खोलीवर गेला.

धाकटा नुकताच कामावरून आला होता, बोटांवरचा डिंक खरवडत बसला होता. त्याने दार उघडलं, "ये" म्हणाला, बस म्हणाला नाही. पेंटरने आत शिरल्यावर दार लोटून घेतलं आणि फ्रेम पुढे केली. धाकट्याने ती खिडकीशी नेली. कागद सोडवून उजेडात धरली. मग म्हणाला, "हां. ही आई."

"माझे डोळे होते रे," पेंटर म्हणाला. "मोतीबिंदू. तुझी काही चूक नव्हती. माझी चूक झाली."

"डोळ्यांना मोतीबिंदू झाला होता, समजलं. जिभेला काय झालं होतं, दादा?"

पेंटर म्हणाला, "पाटीवर नाव परत रंगवतो. तू ये दुकानात."

"चोर म्हणालास ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या पोरांसमोर. आणि चूक झाली ते इथे, दार लोटून?" धाकट्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "गल्लीभर मॉनिटरचं सांगितलंस म्हणे. माझं कुणाला सांगितलंस? जिथे बोललास तिथे सांग. एका माणसाला सांग, दुकानात उभा राहून. पाटी नाही रंगवलीस तरी मी येईन."

"सांगतो," पेंटर म्हणाला. "आईशपथ सांगतो."

"फोटो राहू दे," धाकटा म्हणाला. "तू निघ आता. मला अंघोळ करायचीय."

दोन दिवस गिऱ्हाइकं आली आणि गेली. कुणी विषय काढला नाही आणि पेंटरनेही नाही. तिसऱ्या दिवशी तीच बाई आली, सासऱ्यांचा फोटो परत आणणारी. पेंटरने तो फुकटात पुन्हा करून दिला होता. तिने फोटो उजेडात धरला, तिचं तोंड फुललं. दुकानात आणखी तिघे उभे होते. कोपऱ्यात नव्या मशीनवर लेक व्हिडिओ जोडत होती.

"अगदी जिवंत दिसतात हो! असं नेमकं काय होत होतं तेव्हा, पेंटर?" बाईने विचारलं. "तुमच्या भावाने शाईत गडबड केली होती म्हणतात, ते खरं का?"

लेकीचा हात माऊसवर थांबला. तिघेही बघायला लागले. पेंटरने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, दोन रात्री घोकलेलं. भाऊ चोर नव्हता, डोळे माझे गेले होते. पण समोर जी बाई होती ती उद्या गल्लीभर सांगणार, की पेंटरला रंगच दिसत नव्हते. ज्या पेंटरची चिंधीची गोष्ट अजून लोक सांगत होते, त्या पेंटरला.

"छे हो," तो म्हणाला. "मॉनिटर खराब होता."

बाईने मान डोलावली, फोटो पिशवीत घातला. लेकीने चालू काम सेव्ह केलं, मशीन बंद केलं, आणि पर्स उचलून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. "कुठे चाललीस गं?" पेंटरने विचारलं. "काकाकडे," ती म्हणाली, आणि मागे वळून बघितलं नाही.