आधी घण

पंप दुरुस्तीच्या कारखान्यात त्याला सगळे घण्या म्हणत, आणि ते नाव त्याने घाम गाळून कमावलं होतं. गंजलेला बोल्ट हलला नाही की इतर फिटर तेल सोडून वाट बघत बसायचे. हा घण उचलायचा. अर्धे बोल्ट सुटायचे, अर्धे तुटायचे, आणि तुटले तर दोष बोल्टचा! म्हातारा मुकादम कपाळावर हात मारून घ्यायचा. "अरे, आधी तेल, मग दम, मग पाना. तुझी गाडी घणापासूनच का सुरू होते?"

माणसांशीही त्याचं तसंच. "काय रे, पाळणा कधी हलणार?" असं वेल्डरने चेष्टेत विचारलं, तर याने हातातल्या पान्याने त्याचा जबडा फोडला. वेल्डर रक्त आणि दात एकदमच थुंकला. एवढ्याशा चेष्टेने या बाबाच्या तळपायाची आग मस्तकात का गेली, हे कुणालाच कळेना.

कारण साधं होतं. घण्याच्या शिश्नाची पुढची कातडी फार घट्ट होती, मागे सरतच नव्हती. लग्नाआधी त्याला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. लग्नानंतर बायको जवळ आली की कातडी ताणून चिरायची आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण पुरुषाने 'मला तिथे दुखतं' म्हणायचं? जीभ झडली असती त्याची! तो मूग गिळून बसला आणि बायकोलाच ढकलू लागला. आधी हाताने, मग कोपराने.

एका सकाळी चहा ओतता ओतता तिने सरळच विचारलं, "बाहेर कुणी आहे का तुमचं? की मीच नकोशी झालेय? एकदा काय ते सांगून टाका."

त्याने किटली भिंतीवर भिरकावली, आरसा फोडला आणि तिचा हात असा पिरगळला की मनगट कटकन वाजलं. तो आवाज त्यानेही ऐकला.

ती पांढरीफटक पडली होती. "प्लास्टर घालून येते," ती म्हणाली, "आणि उद्या दादाकडे जाते. कायमची." दवाखान्यात ती एकटीच गेली.

आता मात्र घण्याची पाचावर धारण बसली. ती यायच्या आत ही कातडी मोकळी केली तर ती कशाला जाईल, असा त्याने हिशोब मांडला. न्हाणीघराची कडी लावून, टॉवेल दातांत धरून त्याने सगळा जोर लावला. कातडी चिरत मागे गेली आणि तिथेच अडकली. पुढे येईना. फास आवळावा तशी आवळत गेली, पुढचा भाग सुजून जांभळा पडला. तो भिंतीवर डोकं आपटत ओरडू लागला. बायको परतली, तेव्हा कडी आतून लावलेली होती. त्याने घरी आणून ठेवलेला त्याचाच घण तिने धडक्या हाताने उचलला आणि दारावर घालून कडी तोडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फ लावून, मुठीत सूज हळूहळू दाबत कातडी पुढे आणायला घेतली.

"ओढा की एकदाच जोरात!" घण्या विव्हळला.

"जोर लावूनच इथवर आलात ना?" डॉक्टर म्हणाले. "आता सूज उतरली की लहानसं ऑपरेशन करावं लागेल. आधी आला असतात, तर कदाचित मलमावरही भागलं असतं."

पडद्याशी उभ्या बायकोने ते ऐकलं आणि आपल्या प्लास्टरकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती एका हाताने बॅग भरत होती. चेन मध्येच अडकली. घण्या पुढे झाला, तशी तिने प्लास्टरचा हात झटकन तोंडापुढे आडवा धरला. तो जागीच थांबला. मग खाली बसला आणि बॅग आपल्याकडे ओढून घेतली. एक हिसका दिला असता तर चेन तुटली असती आणि ती निदान आज थांबली असती. त्याच्या हाताला ते ठाऊक होतं. त्याने चेनच्या दातांवर साबण घासला, चेन मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. ती अलगद बंद झाली.

"मला दुखत होतं गं," तो म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली आणि तिने बॅग उचलली.